रामहरीची शंभर पावलं

आमच्या शाळेच्या शिपायाला, म्हणजे रामहरीला, मोजायचा टेप दिला तर तो गुंडाळून कपाटात ठेवतो. सव्वासहा फुटी गडी. मिरजगावच्या पट्ट्यातली बांधाची किती भांडणं यानं पावलांनी मोजून मिटवलीत! "पाऊल खोटं बोलत न्हाई मॅडम," हे ठरलेलं वाक्य. मी इथली गणिताची शिक्षिका, सविता. माझ्या डोळ्यांदेखत यानं फुटबॉलचं मैदान शंभर मीटरऐवजी शंभर पावलं लांब आखलं आणि तीन वर्षं मला पत्ता नाही. आता बोला!

फुटबॉल सुरू केला तोही त्यानंच. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी, म्हणून हा मोबाईलवर सामने बघून पोरींना शिकवायचा. त्यात दिशा सगळ्यांत जोरकस, यंदा दहावीला. तिची आई मनकर्णा दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते आणि धाकट्याला सांभाळायला दिशालाही कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर नेते. यंदा रामहरी आडवा आला.

"वैनी, जिल्ह्याची फायनल हुऊ द्या. जिंकलो तर पुढं विभागाला खेळंल, माझ्या घरी ऱ्हाऊन धाव्वी करंल. हरलो तर म्या सोता आनून सोडतो."

"शब्द हाय का?"

"शब्द हाय."

मनकर्णा गेली आणि रामहरीच्या बायकोच्या, कडूबाईच्या तव्यावर दोन भाकरी वाढल्या.

फायनल नेमकी आमच्याच मैदानावर आली. समोर नगरचं खासगी ज्युनिअर कॉलेज. स्वतःची बस, रंगीत बूट, घरचं हिरवंगार मैदान. पैसेवाल्या कॉलेजापुढं झेडपीची शाळा टिकंल का, हा वाद आमच्याकडं चहाबरोबर रोज असायचा. मी तर भांडायचेच, अहो, ते टिकतील का हे विचारा!

त्यांच्या सरांनी टेप काढला, मैदान मोजलं आणि मला म्हणाले, "मॅडम, इथं विमान उतरवायचंय का? पंचवीस मीटर जास्त आहे!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गणिताची बाई ना मी! अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. रामहरी रेषा मारायच्या फक्कीचं घमेलं धरून नुसता उभा. पंचांनी गोलाचे खांब उपटून आत रोवायला लावले, नव्या रेषा मारल्या आणि सामना सुरू झाला.

आमच्या पोरींना लांब हाणायची सवय. प्रत्येक बॉल रेषेबाहेर, एक तर थेट ज्वारीत. मध्यंतराला तीन-शून्य.

"माझ्या पावलानं पोरीचं वाटोळं केलं," असं म्हणत रामहरीनं डोळ्याला टॉवेल लावला.

"रडताय काय!" मी खेकसले. "अहो, दोन्हीकडनं गोल बारा-बारा मीटर आत आलाय! पोरींनो, पळत बसू नका. गोल दिसला की हाणा!"

मग काय विचारता! कॉलेजच्या पोरी धापा टाकायला लागल्या आणि सव्वाशे मीटर पळून तयार झालेल्या आमच्या पोरींना घाम नाही. एक गोल झाला. मग दिशानं मधल्या रेषेच्या जरा पुढून असा टोला हाणला, की त्यांची गोलकीपर पुढं आलेली, ती मान वर करून बघतच राहिली. मी शाळेची घंटा बडवली, हेडमास्तर समोर असताना. शेवटच्या मिनिटाला दिशाचाच बॉल खांबाला लागून परत आला आणि शिट्टी वाजली. तीन-दोन. हरलो.

संध्याकाळी मी रामहरीच्या घरी गेले. दिशाची पिशवी भरून दारात ठेवलेली. मी म्हटलं, थोडं समजावून सांगा आईला. तो म्हणाला, "शब्द दिलाय, मॅडम." आणि त्यानं स्पीकर लावून फोन केला.

"हरलो, वैनी. उद्याच्या यष्टीनं पोरीला आनतो." मग त्याला राहवलं नाही. "पन एक गोल हानला तिनं, काय सांगू!"

"किती लांबनं?" मनकर्णानं विचारलं.

चाळीस मीटर, असं मी सांगणार होते. रामहरीनं हातानंच मला गप्प केलं.

"तुमच्या इहिरीपासनं चिंचेपत्तर."

पलीकडं उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

"आन् पायानं?"

"पायानं, वैनी."

"चिंचेपत्तर..." मनकर्णा स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "नका आनू तिला. बारक्याचं बघते म्या."

कडूबाईनं पिशवीतला गणवेश काढला आणि परत खुंटीला लावला.