हात हलणारे शिपाई

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. दिवाळीत नातवंडे किल्ला रचू लागली की मी काहीतरी काम काढून बाहेर पडतो. यंदा गुडघ्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही, म्हणून लिहून टाकतो.

जर्मनशी लढाई चालली होती तेव्हाची गोष्ट. आमचे घर पळसदरीला. कर्जत स्टेशनात घाटासाठी मागून इंजिन लावेपर्यंत गाडी थांबे. पलटणीची गाडी असली की आम्ही पोरे कुंपणाला लटकून पाहत असू. एकदा खिडकीतल्या एका शिपायाने मला सलाम ठोकला. तेव्हापासून सलाम करणारा शिपाई हवा, हे वेड डोक्यात शिरले. त्यात तिथल्या एका रेल्वेबाबूच्या मुलाकडे मुंबईचा पत्र्याचा शिपाई होता, खांद्यातून हात वरखाली होणारा.

माझी ताई किल्ल्यासाठी मातीचे शिपाई करी, बोटाएवढे. त्या वैशाखात तेराव्या वर्षी तिला चौक गावी दिली होती. दिवाळसणाला दाजी यायचे होते, म्हणून ती आधीच माहेरी आली होती. सासरी भात कांडणे आणि पाणी भरणे यापलीकडे तिला कोणी काही विचारले नव्हते. दाजी तर अजून एक शब्द बोलले नव्हते. "पाडव्याला ते किल्ला बघतील, मंग शिपाई कुनी केलं म्हनून इचारतील तरी," असे ती आईला म्हणाली. ते मी ऐकले होते, आणि मला ते कळलेही होते.

"ताई, हात हलते कर की गं."

"एवढ्याशा शिपायाला सांधा नाय झेपत रं. खांदा उरंल का त्याला?"

"तो पोरगा म्हनतो, तुझ्या ताईच्या शिपायांना हात नाय, भजी चिकटवल्यात."

"त्याला म्हनावं, खाऊन दाव!" ती हसली. "पहाऱ्यावर उभं राहायचं त्यांनी. नाचायचं नाय."

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर कापणीला गेली. शिपाई ओल्या फडक्याखाली होते. मी दोऱ्याने एकाचा हात कापला, खांद्यात खराट्याची हीर, म्हणजे काडी, खुपसली आणि हात तिच्यावर बसवला. हात वर झाला. त्याने मला सलाम केला! मग मी थांबलोच नाही. सगळ्यांचे हात कापले, हिरा खोवल्या आणि लवकर वाळावेत म्हणून उन्हात मांडले.

माती वाळताना आकसते, हीर आकसत नाही. संध्याकाळपर्यंत एकूणएक शिपाई खांद्यापासून छातीपर्यंत उकलला होता.

ताई आली, खाली बसली. "कुनी केलं रं?"

"मांजर आलं असंल."

"मांजर लई हुशार हाय. खराटा घेऊन आलं," ती म्हणाली. भाताच्या खळीने ती एकेक हात चिकटवू लागली. वाळल्या मातीला ओली माती धरेना, खळही धरेना. एक बसवावा तर दुसरा गळे. मी शेजारी बसून नुसता हिरा वेचत राहिलो. नवे करायला सणाच्या कामांतून तिला सवड मिळाली नाही, तेच किल्ल्यावर उभे राहिले.

पाडव्याला दाजी त्यांच्या चुलत्यांबरोबर आले. किल्ल्यापाशी थांबले आणि खरोखरच म्हणाले, "शिपाई कुनी केलं?"

"आमच्या पोरीनं," आई कौतुकाने म्हणाली.

चुलते वाकून पाहू लागले. "अरं, सगळी पलटन थोटी! सूनबाय, भाकरी तेवढी अशी थापू नका."

दाजीही हसले. पंधरा-सोळा वर्षांचे पोर ते, त्यांना मी दोष देत नाही. ताई दारात ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. "मी मोडले" एवढे म्हटले असते तरी पुरे होते. मी किल्ल्याकडे पाहत राहिलो.

भाऊबीजेला मी पाटावर बसलो. अंगणात ताईला सासरी न्यायला बैलगाडी जुंपून तयार होती. तिने कुंकू लावले, ओवाळले. "काय रं, बोलत का नाय?" तिने विचारले. मी ओवाळणी टाकली, पाया पडलो आणि उठलो.

पुढच्या पावसाळ्याअखेरीस तापाची साथ आली. त्यात ताई चौकलाच वारली. आम्हाला कळले तेव्हा सगळे आटोपले होते. दाजी म्हातारे होऊन गेले. त्यांच्यापाशीही मी कधी तोंड उघडले नाही.

त्या पाटावर माझ्या तोंडाशी आले होते ते असे होते: "ताई, माझं चुकलं गं. दाजींना मी सांगतो."