पोर्टोला दोघंच

माझ्या नवऱ्याला कुठेही जायचं असलं की चार माणसांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि सांगितलं की 'चला की तुम्ही पण' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. तो मूळचा कोल्हापूरचा. तिकडे म्हणे रस्त्याने जाणाऱ्यालाही जेवायला बसवतात. मी पुण्याची, आणि आमच्यावरचे सगळे विनोद मला पाठ आहेत, तेव्हा ते कुणी ऐकवायची गरज नाही. पण इंग्लंडात बेसिंगस्टोकमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माणसाने थोडं तरी सुधारावं की नाही?

गेल्या सप्टेंबरात आमची मुलगी ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत गेली आणि घर एकदम गप्प झालं. आमचं दोघांचं बोलणं तिच्याच आधाराने चालत होतं हे ती गेल्यावर कळलं. आता उरलं होतं ते असं: दूध संपलंय. उद्या कचऱ्याची कुठली बिन बाहेर ठेवायची? बॉयलरवाल्याचा फोन आला होता का? दोघं आपापल्या लॅपटॉपवरून उठायचो, वरणभात खायचो आणि दोन सोफ्यांवर दोन फोन घेऊन बसायचो. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान घरात आवाज तरी आला असता. मला खरोखर धास्ती वाटायला लागली, की म्हातारपणापर्यंत आता हे असंच. आपल्याला एकमेकांशी बोलायला काही उरलंच नसेल तर?

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई शुक्रवारी दुपारी लॅपटॉप मिटते आणि रात्री लिस्बनला जेवते. सोमवारी विचारलं तर म्हणते, 'अगदी जवळ आहे गं, अडीच तासांची फ्लाइट.' आम्हाला सुट्टी म्हणजे भारत, चार बॅगा आणि नातेवाइकांच्या घरांचं वेळापत्रक, एवढंच माहीत. तिचं ऐकून मी एका संध्याकाळी पोर्तुगालमधल्याच पोर्टोचं बुकिंग करून टाकलं. शनिवार-रविवार आणि जोडून सोमवारची रजा. नदीच्या बाजूला बाल्कनी असलेली एक लहानशी खोली. दोघांपुरतीच.

नवऱ्याला सांगितलं, तर तो खूष झाला. मुलगीही फोनवर म्हणाली, "आई, मस्त! तू आणि बाबा दोघंच जा हां. कुणाला सांगू नको." पोरीने बापाला बरोबर ओळखलं होतं.

पण त्याच आठवड्यात रविवारी साउथहॅम्प्टनला डॉक्टरांकडे जेवायला गेलो. डॉक्टर आणि वहिनी आमच्याहून मोठे, माणसं सोन्यासारखी. आम्ही नवीन आलो तेव्हा घर शोधून देण्यापासून सगळं त्यांनी केलेलं. दुसरी पोळी वाढून होते न होते तोच आमच्या स्वारीने सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात पोर्टोला चाललोय."

"अरे वा! आम्ही पण कधीपासून म्हणतोय," डॉक्टर म्हणाले.

"मग चला की तुम्ही पण!"

आता आपल्याकडे याचा एक रिवाज आहे. समोरच्याने 'छे छे, तुम्ही जाऊन या' म्हणायचं. मग आपण एकदा आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि दोन्हीकडचा मान राहून विषय संपतो. सगळ्या महाराष्ट्राला हे कळतं. पण डॉक्टर या देशात इतकी वर्षं राहिले, की रिवाजाचा पुढचा अर्धा भाग ते विसरूनच गेले. इथल्या लोकांसारखं त्यांनी बोलावणं म्हणजे बोलावणं असं धरलं. आमटी गार व्हायच्या आत त्यांनी फोनवर फ्लाइट शोधली आणि वहिनींना म्हणाले, "अगं, तुझा पासपोर्ट आण बघू."

मी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय बाजूला घेतला, त्याला वाटलं जागा कमी पडतेय.

गाडीत बसताना मी दार आपटलं. तो म्हणाला, "मी फक्त म्हणायचं म्हणून म्हटलं गं. आता ते येतायत तर काय करू?" शिवाय दोन दिवसांनी त्याने माझी बाल्कनीची खोली रद्द करून दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. का, तर "ते बिचारे वेगळे कुठे राहणार?" त्या फ्लॅटला किचन होतं, पण नदी दिसत नव्हती.

ब्रिस्टलच्या विमानतळावर पहाटेच्या गर्दीत वहिनींची पिशवी सिक्युरिटीने बाजूला काढली. आत डबाभर चक्का होता. रविवारी श्रीखंड-पुरी करायचा त्यांचा बेत होता. तपासणारा मुलगा सभ्यपणे म्हणाला, की हे लिक्विडमध्ये येतं. वहिनींना ते पटेना. रात्रभर टांगलेला चक्का लिक्विड कसा? त्यांनी झाकण काढून डबा सरळ त्याच्यासमोर उलटा धरला. चक्का तसूभर हलला नाही. मागे रांगेतल्या एका माणसाने टाळी वाजवली. पण मुलाने मान हलवली, जे भाकरीला फासता येतं ते लिक्विड, असा काहीतरी त्यांचा नियम होता. टाका, नाहीतर बाहेर जाऊन संपवा.

अन्न टाकायचं नाही, यावर आमच्यात कधी मतभेद होत नाही. आम्ही चौघं रांगेबाहेर भिंतीशी उभे राहिलो आणि बिनसाखरेचा आंबट चक्का बोटांनी खाल्ला. पन्नाशीला आलेली बाई मी, रोमँटिक वीकेंडला निघालेली, आणि कोपरापर्यंत चक्का. नवरा मात्र मजेत होता. "वहिनी, काय घट्ट लागलाय हो!" म्हणत होता. माझं डोकं नुसतं ठणकत होतं.

पोर्टो सुंदर आहे असं सगळे म्हणतात. असेलही. मी तिथे बहुतेक नवऱ्याची पाठ पाहिली. मराठी जोडपी कुठेही फिरायला गेली की पुढे पुरुष, मागे बायका. कुणी ठरवत नाही, आपोआप होतं. पुढे मॉर्गेज, क्रिकेट, कुणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली. मागे गुडघे, व्हिटॅमिन डी आणि भारतातली कामवाली. निळ्या फरशांच्या भिंती आल्या की पुरुष थांबायचे, आम्हा दोघींचे फोटो काढायचे आणि पुन्हा पुढे चालू लागायचे. खायला कुठे जायचं विचारलं की चौघंही म्हणायचे, "तुम्ही ठरवा, आम्हाला काहीही चालेल," आणि एकाने ठरवलं की दुसऱ्याला ते चालायचं नाही. शेवटी शनिवारी संध्याकाळी, बाहेर सगळं गाव नदीकाठी बसून जेवत असताना, आम्ही फ्लॅटमध्ये मुगाची खिचडी केली. खिचडी छान झाली होती, त्याचाही मला राग आला.

वहिनींवर मात्र रागावता येत नव्हतं. चढ चढताना त्या माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंत म्हणून आलो गं. नाहीतर आम्हाला दोघांना एकमेकांचा कंटाळा येतो." मी हसले. पुढे चाललेल्या नवऱ्याकडे पाहून मात्र हसू टिकलं नाही.

रविवारी सकाळी वहिनींचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर आणि त्या एका कॅफेत बसून राहिले आणि आम्हाला म्हणाले, जा, पुलापर्यंत जाऊन या. या सहलीत पहिल्यांदाच आम्ही दोघं. पुलाच्या अलीकडे नदीकडे तोंड करून बाकं होती, तिथे बसलो. मी मनात वाक्य जुळवत होते. एवढ्यात शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याकडे वळून नवरा विचारता झाला, तुम्ही कुठले? ते निघाले साउथहॅम्प्टनजवळचे. मग काय! बंदर, पाऊस, पार्किंग. आणि पाचव्या मिनिटाला मी माझ्या कानांनी ऐकलं, की आमचे मित्र तिकडे कॅफेत आहेत, तुम्हीही कॉफीला चला ना आमच्याबरोबर.

म्हाताऱ्या बाईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपल्या नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि तुमची सुट्टी छान जावो म्हणून ती त्याला घेऊन गेली. तिला दोन क्षणांत कळलं ते माझ्या माणसाला महिनाभरात कळलं नव्हतं.

माझा तोल गेला. "तुला माझ्याबरोबर एकटं बसायची भीती वाटते का रे? सरळ सांग. रस्त्यावरची माणसं गोळा करतोयस!"

 मला वाटलं आता म्हणेल, 'मी फक्त म्हणायचं म्हणून म्हटलं.' पण तो नदीकडे बघत म्हणाला, "हो, वाटते."

मी बाकावर त्याच्याकडे वळून बसले. 

"ती गेल्यापासून घरी तू बोलत नाहीस," तो म्हणाला. "मी विचारतो तेवढ्याचं उत्तर देतेस. मला वाटतं, माझा कंटाळा आलाय तुला. लोक आले की तू हसतेस, जुन्या गोष्टी सांगतेस. परवा डॉक्टरांकडे तू कॉलेजातला किस्सा सांगितलास, तो मी पहिल्यांदा ऐकला. चार लोक असले की मला तू मिळतेस. म्हणून बोलावतो."

मला इतका संताप आला, आणि त्याच क्षणी रडूही आलं. हा गाढव माणूस माझा आवाज ऐकायला परक्यांना जेवायला घालत होता. मला वाटत होतं हा गप्प असतो, त्याला वाटत होतं मी. कुणी आधी बोलायचं याची वाट बघत आम्ही सहा महिने वरणभात खाल्ला होता. हे त्याला ओरडून सांगणार होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डॉक्टर होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, "हिला बरं वाटतंय आता. कुठे आहात? येतो आम्ही तिकडेच."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं.  मला पक्कं माहीत होतं तो काय म्हणणार.

"नका येऊ," तो म्हणाला.

पलीकडून डॉक्टरांचं "काय?" ऐकू आलं.  सॉरी म्हणाला नाही, कारण दिलं नाही, गुडघ्यांचं नाव काढलं नाही. परत एकदा म्हणाला, "डॉक्टर, आत्ता नका येऊ," आणि फोन ठेवून दिला.  मी त्याचा हात धरला.

मग आम्ही दोघं तिथे बसलो. बराच वेळ कुणालाच काही सुचलं नाही. पण उठलं कुणीच नाही.