टेम्पोचे राहिलेले दोन चेंडू

रविवार, १४ डिसेंबर, सकाळी साडेसात. क्लबचे मैदान. हजर: मी (क्लबची धावलेखक), मैदान राखणारे काशीनाथमामा, जुना यष्टिरक्षक दिलीप. सामान: तीन स्टंप, एक लाल चेंडू, माझी वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली. गैरहजर: टेम्पो.

टेम्पो म्हणजे आमच्या क्लबमधून थेट भारताच्या संघात गेलेला वेगवान गोलंदाज. निफाडकडच्या गावातून द्राक्षांच्या टेम्पोत, क्रेटवर बसून सरावाला यायचा, म्हणून हे नाव. एका कानात बाळी, बुटांना पोपटी नाड्या, दर दौऱ्याला केसांचा रंग वेगळा. माझ्या लेखी मात्र त्याची खूण दुसरीच. सामना संपला की बाकीचे गोलंदाज विचारायचे, "बळी किती?" हा वहीशेजारी मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "ताई, वाचा." मग मी त्याची षटके चेंडूगणिक वाचायचे. निर्धाव, निर्धाव, एक, निर्धाव. बळी आला की हात हलवायचा. "त्यो समद्यांनी बघितला. पुढं."

मैदानात त्याचा आव असा, की समोरच्याला वाटावे हा आता मारतोच. चेंडू टाकून थेट फलंदाजाच्या तोंडापुढे जायचा आणि डोळे वटारून काहीतरी ओरडायचा. एकदा एका परदेशी फलंदाजाने पंचांकडे तक्रार केली. त्या दिवशी फोनवर मी त्याला झापले.

"काय बोललास रे त्याला?"

"काय नाय ओ ताई. घरी समदे बरे हायेत का, एवढंच इचारलं."

"मग ओरडायचं कशाला?"

"फास्ट बॉलर हाय मी. हळू कसं इचारू?"

दौऱ्यावरून त्याचा फोन नेमाने यायचा. मी टीव्हीसमोर बसून त्याचा प्रत्येक सामना माझ्या वहीत उतरवायचे. खेळ संपला की तो हॉटेलातून फोन लावायचा आणि मी वाचायचे. वाचून झाले तरी फोन ठेवायचा नाही. "खोलीत कोण आहे?" असे विचारले की म्हणायचा, "टीव्ही हाय." मला हसू यायचे. मग मी पुढच्या कामाला लागायचे.

शेवटच्या कसोटीत एका षटकाचा चौथा चेंडू टाकताना त्याचा गुडघा गेला. उरलेले दोन चेंडू दुसऱ्याने टाकले. नियमच तसा आहे. दवाखान्यातून त्याचा फोन आला. "ताई, ते दोन माझे हायेत. तुमच्या वहीत दुसऱ्याचे लिहू नका." मी चौकोन रिकामे ठेवले. इतक्या वर्षांत माझे बेरीज न जुळलेले पान ते एकच.

संघातून पुन्हा बोलावणे आले नाही. लग्नही टिकले नाही. इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर तो एकटा राहायचा. सुरुवातीला सोसायटीतले लोक फोटो काढायला यायचे. नंतर नवे भाडेकरू त्याला गाडी नीट लावायला सांगू लागले. बाळी त्याने काढली नाही. दर रविवारी दहाला फोन: "ताई, वाचा." त्या पानाशी आले की म्हणायचा, "तेवढं नको."

दिवाळीनंतर त्यानेच विषय काढला. "ताई, ते दोन टाकून टाकतो. पळणं नाय जमायचं, चालत येऊन टाकतो. येत्या रविवारी?"

मी माझ्या कामांची यादी पाहिली. भाचीचा साखरपुडा, क्लबची सभा, गॅसची शेगडी दुरुस्ती. सगळे रविवार भरलेले. म्हटले, "चौदा डिसेंबर."

"लय लांब हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं. लिहून ठेवा."

त्या तारखेच्या आधीच्या बुधवारी तो गेला. दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली, मग वॉचमनने दार उघडवले. त्याच्या फोनमध्ये शेवटचे बरेच कॉल माझ्याच नंबरला होते, म्हणून मला कळवले.

तारीख मी रद्द केली नाही. काशीनाथमामांनी मी सांगण्याआधीच चुन्याने त्याच्या रनअपची खूण केली होती. जुनीच, पार सीमारेषेजवळ. आम्ही तिघे स्टंपांपाशी उभे राहून तिकडे पाहत होतो. थोड्या वेळाने दिलीपने चेंडू उचलला.

"ताई, मी टाकू का दोन? पान जुळून जाईल."

"नको," मी म्हटले.

दहा वाजता मी फोन हातात घेतला आणि परत पिशवीत ठेवला. सोमवारची यादी करायला बसले. पहिल्या ओळीत लिहिले: टेम्पोचे दोन चेंडू. बाकीची यादी सोमवारीच संपली. तेवढी ओळ रोज नव्या पानावर उतरवते आहे.