जोडीतलं दुसरं पदक

पदक म्हणजे धातूत गोठलेलं शौर्य असतं. हे वाक्य माझं नाही. आमच्या पदकसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ते उभं राहून म्हणत आणि आम्ही बसून ऐकत असू. नव्वदच्या दशकात मीही जुनी लष्करी पदकं गोळा करत होतो, त्यामुळे मला ठाऊक होतं की आमच्या हाती लागणारी बहुतेक पदकं बोटीतून परदेशात उतरलेल्या जवळपास प्रत्येकाला मिळालेली असत. उतरल्या उतरल्या आजारी पडून परतीच्या बोटीत बसलेल्यालाही.

मंडळात निवृत्त बँक अधिकारी होते, वकील होते, एक हाडांचे डॉक्टर होते. सैन्यात कुणीच नव्हतं. तरी सगळे बैठकीला खिशावर बोधचिन्ह शिवलेला निळा कोट घालून येत, भर मे महिन्यातसुद्धा, आणि एकमेकांना सलाम ठोकत. मी तिथे जात असे याचं कारण साधं होतं. संदर्भाचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ अध्यक्षांच्या कपाटात होते आणि ते ग्रंथ ते घराबाहेर जाऊ देत नसत. वाचतही नसत.

पहिल्या महायुद्धाची दोन पदकं बहुधा जोडीनं मिळत. एक चांदीचं, त्यावर इंग्रजांचा राजा. दुसरं काशाचं, त्यावर पंख असलेली विजयदेवता. दोन्हींच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमचा सगळा अभ्यास म्हणजे भिंग घेऊन ही कड वाचणं. आपल्याकडे वाटण्या झाल्या की परातीपासून पाटापर्यंत सगळ्याचे भाग पडतात, तसे पदकांचेही पडत. चांदीचं ज्याच्या वाट्याला जाई तो ते मोडीत घाली आणि काशाचं ज्याला मिळे तो भावाच्या नावानं बोटं मोडी.

अध्यक्षांना गुजरीच्या सराफबाजारातल्या एका सराफाकडे असंच मोडीत आलेलं राजाचं पदक मिळालं. ते हातकणंगल्याच्या पलीकडच्या एका घरातून आल्याचं सराफानं सांगितलं. म्हणजे दुसरं पदक तिथल्याच कुठल्यातरी चुलत घरात असणार. ते दुसरं पदक बघण्याआधीच अध्यक्षांनी मंडळाच्या प्रदर्शनाची निमंत्रणं छापून घेतली. 'ताटातूट झालेल्या वीरपदकांचे पुनर्मीलन, मंत्रिमहोदयांच्या हस्ते.' लाल मखमलीची पेटीही करून घेतली, तीत दोन खळगे. आता दुसरा खळगा भरला नाही तर मंत्र्यांसमोर शोभा होणार होती. म्हणून एका रविवारी ते मला घेऊन त्या गावाला निघाले.

विचारत विचारत सापडलेल्या त्या चुलत घरात एक शेतकरी आणि त्याची म्हातारी आई होती. तिला सगळे अव्वा म्हणत.

"या पावणं, बसा. च्या घेणार न्हवं?" शेतकरी म्हणाला.

अध्यक्षांनी चहा येईपर्यंत धातू, शौर्य आणि गोठणं यांवर भाषण केलं. शेतकऱ्यानं ते शांतपणे ऐकलं.

"पदक-बिदक न्हाय बगा आमच्याकडं."

आतून अव्वाचा आवाज आला. "पंखाची बाई हाय का त्येच्यावर?"

ती आम्हाला देवघरात घेऊन गेली. खंडोबाचा टाक होता, जोतिबाचा होता, आणि देवांच्या त्या कोरीव पत्र्यांच्या मधोमध, हळदीकुंकवानं माखलेली, विजयदेवता उभी होती.

"ही आमची पंखवाली आई. हातात जोंधळा हाय बगा."

तो जोंधळा नव्हता, ताडाच्या जातीची फांदी होती. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "ही ग्रीक विजयदेवता आहे, सांगा यांना."

मी म्हणालो, "अव्वा, हे म्हणतात की ही देवी आहे."

"मग आमी काय म्हंतोय?"

अध्यक्षांनी कड बघायला मागितली. अव्वानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आंगूळ केलीसा न्हवं? मग त्यो चामड्याचा पट्टा काडा आदी." अध्यक्षांनी पट्टा काढला आणि एका हातानं पँट धरून दुसऱ्या हातात पदक घेतलं. भिंग मला धरावं लागलं. कड लख्ख गुळगुळीत होती. जोतिबाच्या यात्रेआधी हे घर आपले टाक सोनाराकडून उजळून आणत असे, आणि सोनारानं देवांबरोबर आईलाही घासलं होतं. क्रमांक नाही, नाव नाही, पलटण नाही. मागच्या बाजूला ते महायुद्ध संस्कृतीसाठी लढलं गेल्याचं इंग्रजीत लिहिलेलं असतं. तेही पुसलं गेलं होतं आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मी म्हणालो, "हे त्याच जोडीतलं, असं म्हणायला काही पुरावा राहिला नाही."

"मला आतून जाणवतंय," संशोधक अध्यक्ष म्हणाले. मग अव्वाकडे वळून, "तुमच्या सासऱ्यांनी युद्धात काय पराक्रम केला होता?"

"बसऱ्याला गेलतं. प्वाट बिगडलं म्हणून माघारी धाडलं. त्येच्या फुडं जलमभर ताकच पीत हुतं."

अध्यक्षांनी वहीत 'बसरा मोहीम' असं लिहिलं. मग आवाज जड करून म्हणाले, "अव्वा, नशिबानं तुटलेली जोडी एकत्र आली पाहिजे. जोडी तोडून ठेवणं पाप आहे."

"आन् जोडीला दुसरं कोन हाय?"

अध्यक्षांनी मोठ्या थाटात मखमलीची पेटी उघडली. अव्वानं राजाला हातात घेतलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं.

"ह्यो कोन?"

"राजा."

"म्हंजे आईचा मालक. दाडी-मिशा हायत. बरा हाय." तिनं लेकाकडे बघितलं, लेकानं मान डोलावली. "पावणं, तुमचं खरं हाय. इतकी वर्सं एकटीच हाय बिचारी. ठेवा की ह्येला हितंच."

अध्यक्षांनी राजा तिच्या हातातून घेऊन ज्या वेगानं खिशात घातला, तो वेग मी त्यांच्यात आधी कधी पाहिला नव्हता. परत येताना गाडीत ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. "अडाणी." पँट अजून एका हातानं धरलेली होती. पट्टा देवघराच्या उंबऱ्याबाहेर राहिला होता.

प्रदर्शन ठरल्या दिवशी झालं. निमंत्रणात पुनर्मीलन छापलं होतं आणि पेटीत एक खळगा रिकामा होता. माघार घेण्यापेक्षा अध्यक्षांनी खळग्याशेजारी एक सुबक पाटी लावली : 'बसरा मोहिमेतील अतुलनीय पराक्रम. जोडीतील दुसरे पदक सध्या पूजेत आहे.' लोक बाकीची कपाटं भराभर ओलांडत, या पेटीपुढे थांबत, चप्पल काढत आणि रिकाम्या खळग्याला हात जोडत. कुणीतरी काचेवर झेंडूचं फूल ठेवलं. दुपारपर्यंत तिथे ढीग झाला. निळ्या कोटातले संशोधक ती गर्दी मंडळाच्या कार्याची पावती समजत होते.

मंत्री उशिरा आले, त्याच वेळी टेम्पोतून अव्वा आली. निमंत्रण तिलाही गेलं होतं. अध्यक्षांनी ते सौजन्य म्हणून पाठवलं होतं, येण्यासाठी नाही. बरोबर लेक, सुना, नारळ, खण असा सगळा सरंजाम होता. मंत्र्यांना पदकातलं काही कळत नव्हतं, पण गर्दीतलं कळत होतं. ते सरळ त्या पेटीकडे गेले.

"काय म्हणताय, आजी?"

"सायेब, आमची आई एकटी हाय. ह्ये पावणंच म्हनालं, जोडी तोडून ठेवणं पाप हाय. आन् राजाला ह्येच सोडंनात."

मंत्र्यांनी अध्यक्षांच्या खांद्यावर हात टाकला. कॅमेरे पुढे सरकले.

"असं म्हणालात? वा! मग द्या की अध्यक्षसाहेब. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस तुम्ही."

पेटीची किल्ली अध्यक्षांच्या कोटाच्या खिशातच होती. ती सापडत नसल्याचं नाटक त्यांनी थोडा वेळ केलं, पण हाडांच्या डॉक्टरांनी मदत म्हणून त्याच खिशाकडे बोट दाखवलं. काच उघडली, राजा मंत्र्यांच्या हातातून अव्वाच्या ओच्यात गेला, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो होता, 'पदकसंग्राहकाचे औदार्य' अशा मथळ्याचा. अध्यक्षांनी तो चौकट करून घेतला आणि पुढच्या बैठकीत त्यागावर बोलले. पदकावर नाव असलेल्या शिपायाचा उल्लेख मंत्र्यांनी केला नाही, वर्तमानपत्रानं केला नाही आणि अध्यक्षांनीही केला नाही.

पुढे काही वर्षांनी त्या बाजूला एका लग्नाला गेलो, तेव्हा त्या घरी डोकावलो. राजा देवघरात पंखवाल्या आईच्या उजव्या हाताला असतो. शुक्रवारी त्याला दहीभात मिळतो.