कोर्ट उठेपर्यंत

वकीलमामा कोर्टात कधी हात जोडत नसत. उस्मानाबादच्या कोर्टात बाकीचे वकील बोलता बोलता न्यायाधीशांपुढे हात जोडायचे. मामांचे हात मात्र पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. "हात जोडायला तुळजापूर आहे की," ते म्हणत. "इथं मुद्दा मांडायचा."

मामांची सगळी वकिली उर्दूत मुरलेली. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर निकाल इंग्रजीत येऊ लागले आणि मामांना माझी गरज पडू लागली. वडील गेल्यावर मी आणि आई त्यांच्याकडेच राहत होतो. माझं शिक्षण हैदराबादच्या इंग्रजी शाळेतलं. चारचौघांत मला शब्द फुटत नसे. मी निकाल पुटपुटत वाचू लागले की मामा म्हणत, "पोरी, कायदा कानात सांगत नसतात."

बेंबळीच्या गंगूबाईवर फसवणुकीचा खटला झाला, तेव्हा मी रोज कोर्टात त्यांच्यामागं बसत होते. गंगूबाई म्हशी पाळून विकायची. तिनं कचेरीतल्या एका साहेबांना दुभती म्हैस विकली होती आणि साहेबांच्या घरी ती दूधच देईना. आटलेली म्हैस गळ्यात मारली, अशी त्यांची फिर्याद.

मामांनी उलटतपासणीत साहेबांना विचारलं, "म्हशीबरोबर रेडकू देत होती का ही?"

"देत होती. मीच नको म्हणालो. अंगणात घाण होते."

"रेडकाशिवाय म्हैस पान्हा सोडणार नाही, असं बोलली होती?"

"बोलली असेल."

मागच्या बाकांवरचे शेतकरी खो खो हसले. मामा मात्र हसले नाहीत. "वचन खोटं ठरलं म्हणून माणूस फसवा ठरत नाही. वचन देतानाच मनात खोट हवी. जिला आटलेली म्हैस खपवायचीय, ती रेडकू न्याच म्हणून कशाला मागं लागेल?"

निकालाआधी साहेबांच्या वकिलानं निरोप आणला : बाईनं चूक मान्य करावी, म्हैस परत घ्यावी, प्रकरण मिटवू.

"म्हैस आत्ता घेते," गंगूबाई म्हणाली, "पर फसवलं म्हणायची न्हाय. उद्या बाजारात माझ्या जनावराला कोन हात लावल?"

मॅजिस्ट्रेट नुकतेच मुंबईहून बदलून आलेले. दूध देईल म्हटलं आणि दिलं नाही, एवढंच त्यांनी धरलं. पहिला गुन्हा आणि बाईमाणूस, म्हणून शिक्षा थोडका दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहायचं. सगळे मामांचं अभिनंदन करू लागले, "स्वस्तात सुटली की बाई!"

मामा त्यांच्यातून वाट काढत भिंतीलगतच्या बाकावर गंगूबाईशेजारी जाऊन बसले.

"वकीलसायब, जावा की घरला. जेवन ऱ्हायलंय तुमचं."

"शिक्षा खोटी आहे, गंगूबाई. खोट्या शिक्षेला सोबत लागते."

कोर्ट उठेपर्यंत ते उठले नाहीत. मीही नाही.

अपील इंग्रजीत मी लिहिलं. मामांनी मराठीतून अर्थ ऐकला आणि शेवटच्या ओळीला थांबवलं. "हे काय?"

"दयेची विनंती, मामा. सगळे लिहितात."

"खोड. रहम नंतर, आधी इन्साफ."

"पण शिक्षा तर भोगून झाली."

"शिक्षा संध्याकाळी संपली. डाग संपला का?"

मी ओळ खोडली. सेशन कोर्टानं रेडकाचाच मुद्दा उचलून धरला आणि गंगूबाई निर्दोष सुटली. पुढच्या बाजारात ती म्हैस घेऊन उभी होती. मामा शेरवानी घालून, काही घ्यायचं नसताना, मुद्दाम तिकडून चक्कर मारून आले.

माझ्या अंगावर काळा कोट आलेला पाहायला मामा उरले नाहीत. माझा पहिला अशील अणदूरचा एक बैलांचा दलाल. आरोप तोच, फसवणुकीचा. बाररूममधले एक ज्येष्ठ वकील मायेनंच म्हणाले, "ताई, कबूल करून टाका. कोर्ट उठेपर्यंत बसवतील, सुटेल." दलाल माझ्याकडं बघत राहिला. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं.

पुकारा झाला. मी उभी राहिले. हात कुठं ठेवावेत कळेना. मग ते पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"आरोपीला गुन्हा कबूल नाही."

"ऐकू येत नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोलले.