सूतभराची पिन

त्याला सगळे सूतभर म्हणत. एक तर अंगाने तसाच, वाऱ्यावर वाळत घातलेल्या शर्टासारखा, आणि दुसरं म्हणजे कुणाचंही काम बघितलं की मान वाकडी करून म्हणायचा, "सूतभर चुकलंय." सुताराच्या चौकटीला म्हणायचा, शेजाऱ्याच्या पायरीला म्हणायचा, बायकोने चादर घातली तरी म्हणायचा. स्वतःचं माप चुकलं असं मात्र त्याने जन्मात कधी कबूल केलं नव्हतं. लोखंड चुकलं, हवा चुकली, गिऱ्हाईक चुकलं, माप? छे!

घराला लागूनच त्याचं लेथचं दुकान. कंपनीने ज्यांचे भाग कधीच बंद केलेत अशी जुनाट अवजड यंत्रं असतात ना, त्यांच्या पिना तो बनवायचा. झिजलेली पिन कुणी नमुना म्हणून आणली की भडकायचा. "ही झिजून झिजून खोटारडी झालीय. तिला काय विचारता? भोक दाखवा!" आणि स्वतः जाऊन यंत्राच्या पोटाखाली आडवा व्हायचा.

अशी एक म्हातारी त्याच्या मेहुण्याकडे होती. म्हातारी म्हणजे बुलडोझर. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. देहाने आडदांड, मनाने लोणी. पोरसवदा वयात त्या बुलडोझरवर चढला तो तिथेच पिकला. मालक तीन बदलले, म्हातारी तीच. आता तिच्या चेनची जोडपिन, म्हणजे चेनची दोन टोकं जिच्यावर जोडतात ती, तुटली होती. नव्या मालकाने सरळ सांगितलं, "शनिवारी ट्रेलर येतोय. आपल्या पायांनी चढली तर नव्या कामावर नेतो. नाही चढली तर गॅसकटरवाला तिथेच तुकडे करेल."

मेहुणा दुकानात येऊन मटकन बसला. "भाऊजी, तिला कापली तर मी कुठे जाऊ हो?"

"घरी जा. बहिणीच्या हातचा चहा पी आणि मला काम करू दे," सूतभर म्हणाला. गोड बोलणं त्याच्या घराण्यातच नव्हतं.

पण लागला कामाला. भंगारवाल्यांच्या ढिगात हात काळे करून एका ट्रकचा अॅक्सल शोधला, कारण तसलं पोलाद दुसरीकडे मिळत नाही. तो कापला, लेथवर चढवला, तापवून तेलात बुडवला, घासला. पिन मुद्दामच भोकापेक्षा केसभर जाड ठेवली. ही जोडपिन घट्ट बसावी लागते. सैल बसली तर चालता चालता बाहेर येते. मग ती आत घालायची कशी? गारठवून. थंडीने लोखंड अंग चोरतं, तेवढ्यात घणाने आत ठोकायचं. आणि गारठवायची कुठे? बायकोच्या फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीखाली.

"माझ्या फ्रीजरात माझ्यासाठी जागा आहे का हो कुठे?" बायको म्हणाली.

"आहे की. बर्फाच्या वर," तो म्हणाला. आपल्या जुन्या बनियनमध्ये पिन गुंडाळून त्याने तिला गाठ मारली आणि फ्रीजरचं दार लावलं.

शनिवारी सकाळी त्याने ते गाठोडं बर्फाच्या डब्यात घातलं आणि म्हातारी उभी होती त्या मालकाच्या यार्डात पोचला. ट्रेलर आलेला. गॅसकटरवाला नळ्या उलगडून तयार. मालक घड्याळ बघतोय. म्हातारीचं इंजिन मेहुण्याने पहाटेपासून चालू ठेवलं होतं. ते एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू व्हायला अर्धा दिवस आणि चार माणसांच्या शिव्या लागत.

सूतभराने गाठोडं उघडलं आणि थबकला. गाठ त्याची नव्हती. त्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा लगेच आभाळात काहीतरी शोधू लागला.

"मेहुणे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पिन बाहेर काढली होती?"

"पहाटे इंजिन चालू करून बहिणीकडे चहाला आलो, तेव्हा जरा... मांडीवर घेऊन बसलो. दोन कप चहा होईपर्यंत. इतकी छान झालीय हो, भाऊजी! मग ठेवली की परत."

सूतभराच्या तोंडात शिव्यांची रांग लागली, पण मालक जवळ उभा होता. गिळल्या. पिन भोकाशी धरली, मेहुण्याने घण घातला. पिन अर्धी गेली आणि अडकली. आत जाईना, बाहेर येईना.

"सूतभर चुकलं वाटतं!" मालक म्हणाला. यार्डातली माणसं खो खो हसली. आयुष्यभराची उधारी सगळ्यांनी एकदम वसूल केली. सूतभराचे कान लाल झाले. पण खरं सांगावं, तर मेहुण्याची मालकासमोर शोभा.

"बास झालं. कापा," मालकाने गॅसकटरवाल्याला खूण केली.

"बरोबर आहे मालकांचं," सूतभर म्हणाला. "कापाच. या कडीपासूनच करा सुरुवात, जिथे पिन अडकलीय तिथून. पण आधी कडी चहूबाजूंनी हळूहळू तापवून घ्या. जुनं पोलाद आहे, थंड कापलं तर टवका उडून डोळ्यात जाईल."

हे शेवटचं म्हणजे शुद्ध थाप होती. गॅसकटरवाल्याने डोळ्यांच्या काळजीने आज्ञाधारकपणे ज्योत फिरवायला घेतली. मेहुणा पांढराफटक पडला. "भाऊजी, तुम्हीसुद्धा?"

आता याला समजावायचं कसं? कडी तापली की भोक मोठं होणार, आणि आतल्या पिनेला ती ऊब पोचायच्या आत घण घालायचा! सूतभर खाकरला, डोळे मिचकावले, भुवया नाचवल्या. ठोंब्याला काही कळेल तर शपथ. शेवटी तो ओरडला, "रडतोस काय गाढवा, मार घण!"

मेहुण्याने सगळा राग घणात ओतला. धाड! धाड! तिसऱ्या घावाला पिन सुळकन आत गेली, पार डोक्यापर्यंत.

"अरेच्चा!" गॅसकटरवाला म्हणाला आणि ज्योत बंद केली.

मेहुणा माकडासारखा वर चढला. म्हातारी गुरगुरत ट्रेलरच्या फळ्यांपर्यंत आली आणि थांबली. वरून मेहुणा हातवारे करत काहीतरी बोंबलत होता. इंजिनाच्या धडधडाटात खाली कुणालाच ऐकू येईना. फक्त सूतभराला त्याच्या ओठांवरून समजलं: माप चुकलं नव्हतं, पिन मी काढली होती! सगळ्यांना कळलंच पाहिजे म्हणून त्या वेड्याने इंजिन बंद करायच्या दांड्याला हात घातला.

इंजिन इथे बंद पडलं की म्हातारी संपली! सूतभर फळ्यांवर उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि इंजिनाच्या वरताण, साऱ्या यार्डाला ऐकू जाईल असा किंचाळला, "माझंच माप चुकलं! माझंच! चढव वर!"

मेहुण्याचा हात दांड्यावरच थिजला. मग त्याने बाहीने डोळे पुसले आणि म्हातारी आपल्या पायांनी ट्रेलरवर चढली.

ही बातमी सूतभराच्या आधी घरी पोचली. तो आला, हात धुतले, पाटावर बसला. बायको ताट वाढता वाढता थांबली.

"काय म्हणालात म्हणे यार्डात?"

"काही नाही."

"नाही, इथून नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "जरा परत म्हणा ना."