वाकलं की पळणारा भुऱ्या

सीताबाईंनी जन्मभर कुत्र्यांना एकच गोष्ट शिकवली होती, पळायला. रिसोडजवळच्या त्यांच्या मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यांत कुत्रं शिरलं की त्या नुसत्या खाली वाकायच्या. गोटा हाती यायच्या आतच ते पसार. अशी बाई दर शनिवारी कुत्र्यांच्या निवाऱ्यात फुकट राबते, याचं सुनेला भारी हसू यायचं. गेल्या होत्या उरलेल्या भाकरी द्यायला, आणि तिथल्याच होऊन बसल्या.

तिथं भुऱ्या होता. हाक मारली की यायचा, पट्ट्यानं नीट चालायचा. पण माणूस वाकलं की शेपूट घालून कोपरा गाठायचा. दोन घरांनी नेऊन परत आणला होता. आता मेडशीचे फुलसिंग तुरीत शिरणारे रोही, म्हणजे नीलगाई, हाकलायला त्याला न्यायचं म्हणत होते. तीन आठवड्यांनी बघायला येणार होते. त्यांनीही नाकारला तर पिंजरा काही सुटत नाही, हे सगळे जाणून होते. आणि शेतात वाकल्याशिवाय कोणाचं भागतं?

निवारा चालवणारी तनुजा बिस्किटं दाखवून दमली. एके दिवशी सीताबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"पोरी, त्याची काय चुकी? वाकला म्हंजे गोटा, हे आमीच त्याले शिकवलं."

बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग त्यांनीच सुरू केलं: वाकायचं, भाकरीचा तुकडा ठेवायचा, उठून मागं सरायचं. तनुजानं एकच बजावलं, हाक मारायची नाही, त्याचं त्याला येऊ द्यायचं. सीताबाईंना गप्प बसणं गुडघेदुखीपेक्षा जड गेलं. त्या रोज येऊ लागल्या. आधी तो त्या गेल्यावर खायचा, मग चार हातांवरून, मग हातातून.

फुलसिंग आले आणि दारातच चपलेचा पट्टा लावायला वाकले. भुऱ्या दचकून मागं सरला. हाक सीताबाईंच्या ओठावर आली होती, ती त्यांनी गिळली. भुऱ्या थबकला. मग हळूच पुढं येऊन फुलसिंगांचे हात हुंगू लागला.

"काय शोधून राह्यला हा?"

"भाकर," सीताबाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि डोळे भरले होते. "वाकसान तवा तुकडा ठेवत जा, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मेथी खुडायला त्या वाकल्या, तशी बांधावरची एक कुत्री पळाली. सीताबाईंनी न्याहारीतली चतकोर भाकर बांधावर ठेवली, तिच्याकडे पाठ केली आणि हाक न मारता खुडत राहिल्या.